अंगठा

तात्या मार्केट यार्डात मापाडी होते,
एकतीस वर्षं.
गुळाचा रवा काट्यावर चढला
की उजव्या पायाचा अंगठा
फळीखाली सरकायचा, हलकेच,
झोपलेल्या लेकराची उशी सारखी करावी तसा.
रव्यामागं पाव किलो. अडत्या खूश असला तर अर्धा.

हे त्यांनी आम्हाला सांगितलं
आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात,
ताटं वाढलेली, प्रार्थना निम्मी झालेली.
'आमेन' कुणी म्हणालंच नाही.
आमटीवर साय धरली.

योनाथन दाजी म्हणाले,
तात्या, तुमचा बाप्तिस्माच झालेला नाही.
दोन महिन्यांच्या पोराला कसला पश्चात्ताप?
कपाळावर तीन थेंब!
तेवढ्यात भाकरीचं पीठसुद्धा भिजत नाही.
माणूस बुडाला पाहिजे. पाण्यात मेला पाहिजे.
वर येणारा दुसराच कुणी असला पाहिजे.

मग पाळकसाहेब आले.
चहा बशीत ओतून, फुंकर घालून म्हणाले,
पाणी धूत नाही, शमुवेलराव. पाणी साक्ष देतं.
तुम्ही हाक मारायच्या आधी
त्यानं तुमचं नाव घेतलं, त्याची ती खूण.
एकदा मारलेला शिक्का पुन्हा मारत नाहीत.

'वजनांवर मारतात,' तात्या म्हणाले.
'इन्स्पेक्टर येतो की यार्डात, मुदत संपली की.'

रात्री लाईट गेल्यावर
अंथरुणातूनच बोलले,
'आमची आई सांगायची,
बाप्तिस्म्याला मला लोकरीचे मोजे घातलेले.
निळे. मिशनच्या बाईंनी विणलेले.
म्हणजे अंगठा तेवढा कोरडाच राहिला की गं.'
हसले का ते अंधारात कळलं नाही.

शनिवारी प्रयाग चिखलीला गेलो.
दाजींची माणसं संगमात कमरेएवढ्या पाण्यात उभी,
पांढरे सदरे फुगलेले,
एकेक माणूस मागं कलायचा, दिसेनासा व्हायचा,
आणि खोकत, हसत, रडत वर यायचा.
खरं सांगतो, मलाही जावंसं वाटलं.
तात्यांनी चपला काढल्या.
काठावर उभे राहिले.
मग चपला हातात घेऊन गावाकडं चालायला लागले,
आणि मी त्यांच्या मागं.

गुऱ्हाळाच्या पलीकडं पत्र्याचं घर. सोनाबाई वरुटे.
तिनं काही विचारायच्या आधी
दारात तांब्या ठेवला,
'पाय धुवा, आत या.'

तात्या वाकले.
एवढा वेळ पाय धुताना
मी कुणाला पाहिलं नाही.
तांब्या संपला. तिनं दुसरा आणला.

मग पाकीट. मग हिशेब, वहीच्या पानावर,
रवे, सालं, भाव.
तिनं चष्मा लावून पैसे मोजले. परत मोजले.
'कमी हायत,' म्हणाली.
'पाव किलो न्हवं, अर्ध्यानं मारायचास.
म्या बघत हुतो तुझ्या अंगठ्याकडं.'

'मग बोलला का नाही?'

'गूळ दुसरीकडं कुठं घालू?
बाकी आणून दे हळूहळू. च्या घे.'

माफ केलं असं ती म्हणाली नाही.
तात्यांनीही मागितलं नाही.
चहा गुळाचा होता. घोट घेताना
तात्यांचा कप हलत होता.

परतलो तेव्हा दाजी काठावर केस पुसत उभे.
तात्यांचे घोट्यापर्यंत ओले पाय बघून म्हणाले,
'एवढंच?'
'अजून पाच हप्ते आहेत,' तात्या म्हणाले.

पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत
सालोमेच्या बाळाचा बाप्तिस्मा.
पितळी वाटी, पाळकांची तीन बोटं,
बापाचं तोंड बाळापेक्षा घाबरलेलं.
तात्या पहिल्या बाकावरून उठले.
कुणाला काही कळायच्या आत
त्यांनी बाळाच्या उजव्या पायातला मोजा ओढून काढला,
खिशात घातला,
आणि पाळकांकडं बघितलं.

पाळक थांबले.
वाटीत पाणी थोडं उरलं होतं.